चुकायचा तास

पहिल्या भेटीत बाईंनी मला नखं दाखवायला सांगितली.

इंजिनिअर होऊन मी नुकतीच नोकरीला लागले होते. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, खांद्यावर लॅपटॉप आणि चेहऱ्यावर कल्याणहून वळ गावापर्यंतच्या रस्त्याची धूळ, अशी मी गोडाऊनच्या दारात उभी होते. समोर स्टुलावर एक उंच, सडसडीत म्हातारी बसलेली. अंगावर इस्त्रीची सुती साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ.

"बाई, मी इथल्या कॉम्प्युटरच्या कामाची प्रमुख आहे," मी म्हणाले.

"असशील बाळ. नखं दाखव."

मी दाखवली. त्यांनी दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "डाव्या हाताची करंगळी राहिली. उद्या कापून ये." माझ्यामागे एका मिशाळ ट्रक ड्रायव्हरने आपले हात आधीच पुढे करून ठेवले होते. म्हणजे मी आठवडाभर रजेवर होते, तेवढ्यात हा प्रकार सुरू होऊन चांगला रुळलाही होता.

बाई तिथे कशा आल्या, ते सांगायला हवं. दोन हजार पाच-सहाचा सुमार. भिवंडीच्या आसपासच्या गावांत भाताची शेतं भराभर पत्र्याच्या छपरांखाली चालली होती. इकडे गोडाऊनला गाळा म्हणतात. आमचे शेठ मूळचे वळचेच, आगरी शेतकऱ्याच्या घरातले. वडिलांच्या जमिनीवर त्यांनी तीन मोठे गाळे बांधले होते आणि त्यांत एका मोठ्या कंपनीचा साबण, चहा, बिस्किटं असा माल राहायचा. हिशोब सगळा चिठ्ठ्यांवर. माल आला की चिठ्ठी, गेला की चिठ्ठी. चिठ्ठ्या एका तारेला टोचलेल्या, तार खिळ्याला टांगलेली, आणि उंदीर त्या खिळ्यापर्यंत चढायला शिकलेले.

माल ठेवणाऱ्या त्या कंपनीने एक दिवस शेठना कळवलं, की दिवाळीच्या मालाआधी सगळी नोंद कॉम्प्युटरवर आली पाहिजे. प्रत्येक खोक्यावर काळ्या रेघांची पट्टी असेल, ती यंत्राने वाचायची, म्हणजे कोणतं खोकं कुठल्या रांगेत आहे हे मुंबईच्या ऑफिसात बसून दिसेल. जमत नसेल तर पडघ्याला नवे गाळे तयार आहेत, तिकडे माल हलवू. माल हलला असता तर शेठचे गाळे ओस पडले असते आणि आसपासच्या गावांतल्या कितीतरी घरांची कामं गेली असती. म्हणून आमची सॉफ्टवेअर कंपनी आली, म्हणजे मी आले.

मी यंत्रं लावली, तारा ओढल्या, सगळ्यांना एका खोलीत बसवून पडद्यावर चित्रं दाखवली. सगळ्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या पुन्हा सुरू. पट्ट्या वाचायची ती हातातली यंत्रं, ज्यांना सगळे बंदूक म्हणायचे, कपाटात पडून राहायची. कुणी म्हणे बॅटरी उतरली. कुणी म्हणे हाताला घाम येतो. एक तर पाण्याच्या पिंपात सापडली. ती आत कशी गेली हे विचारल्यावर सुपरवायझर इम्तियाजभाई अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, गरमीचे दिवस हायत. तिला पन पान्यात बसावासा वाटला असंल."

मी रडकुंडीला येऊन शेठकडे गेले. शेठनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्या गावात कुणाला काही शिकवायचं असंल तर एकच मानूस हाय. मी बाईंना आनतो."

बाई म्हणजे वळच्या प्राथमिक शाळेच्या निवृत्त शिक्षिका. राहायच्या खारबावला, एकट्या. जातीच्या आगरी, पण शाळेत कायम पुस्तकी मराठी बोलायच्या आणि निवृत्त झाल्यावरही ती सवय सुटली नव्हती. गाळ्यातला निम्मा स्टाफ त्यांच्या हाताखालून गेलेला. शेठसुद्धा. त्यामुळे कोट्यवधींची उलाढाल करणारा तो माणूस बाई आल्या की खुर्चीतून उठायचा आणि तोंडातला तंबाखू गिळून टाकायचा.

बाईंना कॉम्प्युटरमधलं काहीही कळत नव्हतं आणि शेवटपर्यंत कळलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढची हकिकत ऐकून लोकांचा गैरसमज होतो. माऊस त्या डस्टरसारखा धरायच्या आणि टेबल पुसल्यासारखा फिरवायच्या. कीबोर्डला पाटी म्हणायच्या. शेठनी त्यांच्यासाठी पासवर्ड करून घेतला, तर तो त्यांनी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवला. मी म्हणाले, "बाई, हा गुप्त ठेवायचा असतो."

"कुणापासून?"

"सगळ्यांपासून."

"वर्गात गुपितं ठेवली की भांडणं होतात, बाळ," त्या म्हणाल्या. मी पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी नवा फळ्यावर. शेवटी मी त्यांच्या नावाने काहीच उघडणार नाही अशी सोय करून टाकली. त्यांना ते कधी कळलं नाही, कारण त्यांनी कधी उघडून पाहिलंच नाही.

त्यांच्या सवयी सांगायच्या तर दिवस जाईल. सकाळी शेअर रिक्षाच्या पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी बसून यायच्या आणि वाटेत त्याला हॉर्न वाजवू द्यायच्या नाहीत. आल्या की हजेरी. पन्नाशीचे हमाल "हजर बाई" म्हणायचे. उत्तर प्रदेशातून आलेले तरुण "हाजिर बाईजी" म्हणायचे, ते त्यांना चालायचं. गुटखा खाणाऱ्याला त्या रागवत नसत. त्याच्यासमोर हात पसरून उभ्या राहायच्या, तो पुडी हातावर ठेवेपर्यंत. दुपारी बिस्किटांच्या खोक्यांवर ताठ बसून डोळे मिटायच्या. कुणी कुजबुजलं की बाई झोपल्या, तर डोळे न उघडता म्हणायच्या, "झोपले नाही. तुझी वाट बघते आहे." मग ज्याने कुजबुज केली, तो दिवसभर अस्वस्थ.

एकदा पंजाबहून आलेला एक भला मोठा ट्रक रिव्हर्स घेताना जोरजोरात हॉर्न मारत होता. बाई सरळ त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हर खाली उतरून ओरडायला लागला, "माताजी, मरना है क्या?" बाई म्हणाल्या, "नहीं. आवाज कम करना है." पुढे तो दर फेरीला बाईंसाठी गुळाची ढेप आणायला लागला. आणि गाळ्याच्या अलीकडूनच इंजिन बंद करून ट्रक ढकलत आणायची त्याची तयारी असायची. इम्तियाजभाईंनीच त्याला तसं करू दिलं नाही.

यंत्राला बंदूक म्हणायला मात्र बाईंनी पहिल्याच दिवशी बंदी केली. "शाळेत बंदूक चालणार नाही." पट्टी बरोबर वाचली गेली की ते यंत्र बारीक 'चिव्' असा आवाज करायचं, म्हणून त्याचं नाव चिमणी पडलं. ते इतकं रुळलं, की पुढे मी आमच्या पुण्याच्या ऑफिसला पाठवलेल्या अहवालातही एकदा 'चिमण्यांची कमतरता' असं लिहिलं आणि मला खुलासा करावा लागला.

मग त्यांनी पडद्याकडे मोर्चा वळवला. "हे लाल अक्षरांत काय येतं?"

"इनव्हॅलिड एंट्री, बाई."

"म्हणजे?"

"म्हणजे... नोंद ग्राह्य नाही. चुकीची आहे."

"हे यंत्र माणसाला असं बोलतं? सगळ्यांदेखत?"

मी म्हणाले, जगभर असंच असतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जगभरच्या लोकांची मला लाज वाटली. "बदल," त्या म्हणाल्या. मी पुण्याला साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, हे सॉफ्टवेअर देशभर चालतं, एका गावासाठी बदलता येणार नाही. फोनवर आवाज मोठा होता, बाईंनी ऐकलं आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"तुम्ही कुणाचे बाळ?" त्यांनी विचारलं.

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. मग साहेबांनी बहुधा वडिलांचं नाव सांगितलं असावं, कारण बाई म्हणाल्या, "छान. तुमच्या वडिलांना कुणी चारचौघांत 'ग्राह्य नाही' म्हटलं तर चालेल का? नाही ना? मग झालं. तिकडे देशभर चालू दे, आमच्या गावात ते नीट बोलेल."

तीन दिवसांत बदल आला. त्या छोट्या पडद्यावर मराठी अक्षरं उमटत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांतच 'पुन्हा बघा' असं लिहून यायला लागलं. बॅटरी उतरली की 'भूक लागली'. हा दुसरा मजकूर बाईंचा स्वतःचा. साहेब मला नंतर म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, पण त्यांना माझा नंबर देऊ नकोस."

इतकं होऊनही चिमण्या कपाटातून बाहेर येईनात. दिवाळी जवळ येत चालली होती. माल ठेवणाऱ्या कंपनीचा अधिकारी पाहणीला येणार होता. शेठ दिवसातून चारदा माझ्याजवळ येऊन नुसतेच उभे राहायचे. मी बाईंना म्हणाले, पुन्हा एकदा सगळ्यांना बसवून शिकवू या.

"शिकवायचं काही राहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "येतं त्यांना सगळं. दुसरंच काहीतरी आहे."

आणि त्या गाळ्याच्या मधोमध स्टूल टाकून बसल्या. कित्येक दिवस काही न बोलता नुसत्या पाहत होत्या. मला तर वाटलं, बाई थकल्या. पण एके दुपारी त्यांनी मला बोलावून शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "आता बघ. आणि ऐक."

एक तरुण हमाल इकडेतिकडे बघत चिमणी घेऊन खोक्याजवळ गेला. पट्टी तिरकी पडली. यंत्र चुकल्यावर जो आवाज करायचं, तो चिवचिवाट नव्हता. घोगरा, लांब, हंबरल्यासारखा. पत्र्याच्या त्या गाळ्यात तो घुमायचा. आणि तो ऐकू येताच चारही बाजूंनी आरोळी उठली, "रेडाऽऽ!" सगळे हसत होते. तो तरुणही हसला, पण कानापर्यंत लाल झाला. चिमणी खोक्यावर ठेवून निघून गेला आणि पुन्हा तिच्या वाऱ्याला उभा राहिला नाही.

"कळलं?" बाई म्हणाल्या. "यंत्राला कुणी घाबरत नाही. हसण्याला घाबरतात."

सगळ्यांत जास्त घाबरलेला होता तो बाळाराम. बाळाराम हमालांचा मुकादम, अंगाने दांडगा, आवाजाने त्याहून दांडगा. यंत्रणेच्या पहिल्या दिवशी शेठनी नारळ फोडून पहिलं यंत्र मानाने त्याच्या हातात दिलं होतं. सगळा गाळा बघायला जमलेला. आणि ते त्याच्या हातात लागोपाठ हंबरत राहिलं. त्या दिवसापासून बाळारामने त्याला हात लावला नव्हता. मुकादम लावत नाही म्हटल्यावर त्याची माणसंही लावत नव्हती. इतकं साधं होतं, आणि मी बॅटऱ्या तपासत बसले होते.

मी म्हणाले, "आवाज बंद करून टाकते, बाई. एका मिनिटाचं काम."

"नको," त्या म्हणाल्या. "आवाज राहू दे. उद्या दुपारी एक तास काम बंद ठेवायला सांग. शेठलाही बोलाव."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर सगळे खोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत गोल करून बसले. बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'चुकायचा तास'. मग म्हणाल्या, "आज प्रत्येकाने चुकायचं आहे. ज्याचं बरोबर येईल, त्याला पुन्हा करावं लागेल. आणि कुणाचं चुकलं की बाकीच्यांनी रेडा म्हणायचं नाही. सगळ्यांनी मिळून म्हणायचं, 'पुन्हा!' म्हणा."

"पुन्हा," लोक पुटपुटले.

"ऐकू आलं नाही."

"पुन्हाऽऽ!" पत्रे थरथरले.

पहिल्या बाई स्वतः. त्यांनी चिमणी छत्रीसारखी धरली आणि पट्टीवर न धरता आपल्या साडीच्या काठावर धरली. यंत्र हंबरलं. हसू फुटणारच होतं, तेवढ्यात बाईंनी बोट वर केलं, आणि सगळे ओरडले, "पुन्हा!" बाईंनी मान लववून ते स्वीकारलं. मग शेठ. शेठनी पट्टीऐवजी स्वतःच्या कपाळाला लावलं. "पुन्हा!" इम्तियाजभाईंनी आपल्या दाढीला लावलं आणि म्हणाले, "बाई, माझी तारीख निघून गेली वाटतं." मग माझी पाळी. मी मुद्दाम तिरकं धरलं, आणि नेमकं ते बरोबर वाचलं गेलं. चिव्. सगळा गाळा हसून लोळला. "मॅडमना चुकता पन येत न्हाय!" मला चौथ्या प्रयत्नात चुकायला जमलं. तेव्हा झालेल्या 'पुन्हा'इतकी दाद मला पुढच्या नोकऱ्यांतही कधी मिळाली नाही.

एकामागून एक माणसं उठत होती. चिमणी हातोहात फिरत होती. काहींना आता चुकण्याचीच चढाओढ लागली होती. कुणी चपलेला लावत होतं, कुणी शेजाऱ्याच्या टकलाला. तो घोगरा आवाज आणि 'पुन्हा'ची आरोळी यांनी गाळा दणाणून गेला होता. आणि मधूनमधून, चुकता चुकता, कुणाच्या तरी हातून बरोबर होऊन 'चिव्' व्हायचं.

बाळाराम दाराशी उभा होता. त्याची पाळी आली तशी बाईंनी हाक मारली, "बाळाराम."

"मना न्हाय जमाचा, बाई." तो वळून बाहेर निघाला.

"जमू नयेच. आज चुकायचंच आहे."

तो थांबला. मागे वळला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. "आज तुमी सांगताव चुका म्हनून," तो म्हणाला. "त्या टायमाला तुमीच हसल्या व्हत्या."

कुणालाच काही कळेना. बाईंना मात्र कळलं. मी त्यांच्याजवळ बसले होते. त्यांनी हातातला खडू हळूच खाली ठेवला.

"साहेब आले होते शाळेच्या तपासणीला," त्या सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, फक्त सावकाश. "बाळाराम चौथीत होता. साहेबांनी विचारलं, सूर्य कुठे उगवतो? बाळारामने हात वर केला. म्हणाला, 'आमच्या काकाच्या गोठ्यामागनं.' सगळा वर्ग हसला. साहेब हसले. आणि मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून हा शाळेत आला नाही. बापाबरोबर खाडीत रेतीच्या होडीवर जायला लागला. मी घरी गेले होते बोलवायला. हा मागच्या दाराने निघून गेला."

बाळाराम जमिनीकडे बघत होता.

"उत्तर बरोबर होतं," बाई म्हणाल्या. "याच्या घराच्या पूर्वेला काकाचा गोठा होता. मी नंतर मुद्दाम जाऊन पाहिला. रोज सकाळी सूर्य तिथूनच वर येतो. पण तेव्हा मी हसले." आणि मग त्यांची ती पुस्तकी मराठी एकाएकी सुटली. "चुकला माजा, बाळाराम. लय चुकला."

मग मागून इम्तियाजभाईंचा आवाज आला, अगदी हळू, "पुन्हा."

आधी कुणीतरी हुंकार दिला, मग दुसऱ्याने, आणि मग सगळेच ओरडले, "पुन्हा!" बाई हसल्या. बाळारामही हसला, डोळे पुसत. पुढे येऊन त्याने बाईंच्या समोर ठेवलेली चिमणी उचलली आणि आपल्या छातीला लावली. यंत्र जे हंबरलं, ते सगळ्यांत मोठं होतं असं अजून सगळे सांगतात.

त्या दिवसानंतर चिमण्या कपाटात राहीनात. उलट कमी पडायला लागल्या. बाळाराम कमरेच्या पट्ट्याला अडकवूनच फिरायचा. चुकीचा आवाज रोज यायचा. तो आला की जो जवळ असेल तो "पुन्हा" म्हणायचा आणि आपल्या कामाला लागायचा.

पाहणीला आलेला अधिकारी तरुण, टाय लावलेला, कमी बोलणारा होता. त्याने आल्याबरोबर चिमणी मागितली आणि स्वतः एका खोक्याची पट्टी वाचायला गेला. पट्टीला घडी पडली होती. यंत्र हंबरलं. आणि आजूबाजूला काम करणारी सगळी माणसं, मान वर न करता, एका सुरात ओरडली, "पुन्हाऽऽ!"

अधिकारी दचकला. चिमणी हातातून पडता पडता वाचली. शेठनी डोळे मिटून घेतले. अधिकाऱ्याने घडी सरळ केली, पुन्हा धरली. चिव्. "शाबास," बाई स्टुलावरून म्हणाल्या. तो नकळत "थँक यू" म्हणून गेला.

खरी कसोटी त्यानंतर होती. त्याने कॉम्प्युटरवरची नोंद घेऊन एकेक रांग तपासायला सुरुवात केली. सगळं जुळत होतं. मधे वीज गेली, जनरेटर लावला, तरी जुळत होतं. आणि मग मधल्या रांगेत साबणाची एक आख्खी थप्पी नोंदीत होती आणि जागेवर नव्हती. त्याने पुन्हा पाहिलं. नव्हतीच. त्याने शेठकडे पाहिलं, शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी नोंद पुन्हा उघडून पाहिली. गोडाऊनमधून माल नाहीसा होण्याचा अर्थ काय काढतात, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

"साहेब," पलीकडून बाळारामचा आवाज आला. तो रांगांतून पुढे आला. "ती थप्पी मी हलवलेली. सकाली वाट मोकली कराची व्हती, म्हनून चहाच्या रांगंला नेऊन ठेवली. नोंद कराची राहिली. माजा चुकला."

अधिकाऱ्याने चहाच्या रांगेत जाऊन पाहिलं. थप्पी तिथे होती. बाळारामने त्याच्यासमोर एकेक खोकं वाचलं, चिव् चिव् चिव्, आणि पडद्यावर थप्पी साबणाच्या रांगेतून चहाच्या रांगेत गेली. मी ते सगळं त्याला लॅपटॉपवर दाखवलं. त्याने लॅपटॉपकडे फारसं पाहिलं नाही. तो बाळारामकडेच पाहत होता.

"इथे सगळे असं स्वतःहून सांगतात?" त्याने शेठना विचारलं.

"हल्ली सांगतात," शेठ म्हणाले.

जाताना त्याने बाईंना नमस्कार केला आणि बाईंनी त्याला विचारलं, "तुम्ही कुणाचे बाळ?" दिवाळीचा माल वेळेवर आमच्याच गाळ्यांत उतरला. ट्रकांची रांग पार हमरस्त्यापर्यंत लागली होती.

आता शेवटचं सांगते. ते शेठना अजून बोचत असणार. दिवाळी झाली, भाऊबीज झाली, आणि पुढच्या सोमवारी बाईंनी जाहीर केलं, की त्या जवळच्या दापोडे गावातल्या एका गाळ्यावर जाणार आहेत. तिथेही असंच यंत्र बसतंय आणि कुणी हात लावत नाही.

शेठ अक्षरशः ओरडले. बाईंसमोर त्यांना ओरडताना मी प्रथमच पाहिलं. "बाई, दापोड्याचा तो माझा दुश्मन हाय! माझं गिऱ्हाईक पळवाया टपलेला हाय तो!"

"तो तुझ्या वर्गात होता," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुझ्याच बाकावर बसायचा. तुमचं भांडण रबरावरून सुरू झालेलं आहे, मला पक्कं ठाऊक आहे."

"पन मग माझं काय?"

"तुझं झालं. तुझी पोरं शिकली. त्याची मागे आहेत." त्यांना यापलीकडे त्यात काही दिसतच नव्हतं. धंदा, स्पर्धा, गिऱ्हाईक हे शब्द त्यांच्या कानावरून जायचे, पण आत शिरायचे नाहीत. मागे पडलेला वर्ग दिसला की त्या तिकडे निघायच्या.

शेठ दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाई निघायच्या वेळी मात्र आपली मोठी गाडी घेऊन खारबावला त्यांच्या दारात हजर. "रिक्षानं नका जाऊ," एवढंच म्हणाले. "रस्ता खराब हाय."

दापोड्याचं कामही योगायोगाने आमच्याच कंपनीला मिळालं होतं, त्यामुळे त्या सकाळी मी तिथल्या फाटकाशी उभी होते. शेठची गाडी येऊन थांबली. फाटकाच्या आतून दापोड्याचा मालक बाहेर आला. तोही शेठसारखाच मोठ्या पोटाचा, सोन्याची साखळी घातलेला. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघांचे चेहरे दगडासारखे झाले. वर्षानुवर्षं त्यांच्यात बोलणं नव्हतं, हे पंचक्रोशीला ठाऊक होतं.

बाई गाडीतून उतरल्या. दोघांच्या मधून चालत फाटकाच्या आत गेल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, "गाडी वाटेत उभी करू नका. मागे ट्रक थांबलेत."

शेठनी गाडी बाजूला घेतली. तरी निघाले नाहीत. काच खाली करून बसून राहिले. दापोड्याचा मालकही फाटकात तसाच उभा. आत बाईंची हजेरी सुरू झाली होती. एकेक नाव आणि त्यामागे अवघडलेलं "हजर बाई" बाहेर ऐकू येत होतं.

दापोड्याचा मालक खाकरला. गाडीकडे न बघता, समोरच्या ट्रककडे बघत म्हणाला, "चहा घेशील?"

शेठनी गाडीची किल्ली काढून खिशात टाकली.

"साखर कमी सांग," ते म्हणाले, आणि खाली उतरले.